टेलिफोनवाल्या बेल यांचं विसरलेलं यंत्र : १८८० साली तारेशिवाय, नुसत्या उन्हावर पाठवला आवाज

सटाणा : गावच्या रस्त्याकडेला चर खोदून प्लास्टिकची नळी पुरताना बागलाणातल्या बहुतेकांनी पाहिलं असेल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या डब्यात ती नळी संपते आणि तिथून नेट सुरू होतं. त्या नळीत तांब्याची तार नसते. केसासारखी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून वीज नाही, उजेड धावतो. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा तिचा आवाज वाटेत कुठेतरी उजेड होऊनच आलेला असतो.

आवाजाचा उजेड करायचा, तो दूर पाठवायचा आणि पलीकडे त्या उजेडाचा पुन्हा आवाज करायचा. ही करामत पहिल्यांदा नीट करून दाखवली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी, १८८० साली. शाळेच्या पुस्तकात ज्यांचं नाव टेलिफोनपुढे एका ओळीत येतं, तेच हे बेल. पण आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं विचारलं की बेल टेलिफोनचं नाव घेत नसत. ते फोटोफोनचं नाव घेत. या फोटोफोनने त्यांना एक पैसाही मिळवून दिला नाही.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घराणंच बोलण्याच्या धंद्यातलं. आजोबा आणि वडील लोकांना शुद्ध, स्पष्ट बोलायला शिकवायचे. वडिलांनी तर एक लिपीच तयार केली होती. कुठला उच्चार करताना जीभ कुठे टेकते, ओठ कसे होतात, हे त्या लिपीच्या खुणांवरून कळायचं. म्हणजे कानाने ऐकायची गोष्ट डोळ्यांना दाखवण्याची खटपट या घरात आधीपासूनच चालू होती.

आणि घरात आई होती, तिला जवळपास ऐकू येत नव्हतं. बाकीचे तिच्या कानाला लावलेल्या नळीत ओरडून बोलत. पोरगा तसं करत नसे. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा, म्हणजे आवाजाची थरथर तिला हाडातून जाणवायची. आवाज म्हणजे थरथर हे त्याला पुस्तकाआधी आईच्या कपाळाने शिकवलं.

मग घरात क्षय शिरला. १८६७ साली धाकटा भाऊ गेला, १८७० साली थोरला. तिघांतला एकच उरला आणि त्याचीही तब्येत ढासळलेली. वडिलांनी बाडबिस्तरा आवरला आणि १८७० सालीच सगळे कॅनडाला गेले. मोकळ्या हवेत पोरगा सावरला. पुढल्या वर्षी तो अमेरिकेत बोस्टनला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला.

तिथेच मेबल हबर्ड त्यांच्याकडे शिकायला आल्या. लहानपणी, पाचव्या वर्षी आलेल्या तापाने मेबल यांचं ऐकणं कायमचं गेलं होतं. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणं ओळखायच्या. त्यांचे वडील वकील होते आणि बेल यांच्या तारायंत्राच्या प्रयोगांत त्यांचा पैसा होता. १४ फेब्रुवारी १८७६ ला टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज गेला, ७ मार्चला पेटंट मिळालं आणि १० मार्चला बेल यांनी शेजारच्या खोलीतल्या मदतनीस वॉटसन यांना तारेवरून बोलावून घेतलं. त्या वेळी बेल यांना तिशीही गाठायची होती.

पुढच्या वर्षी, ११ जुलै १८७७ ला, मेबल आणि बेल यांचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून बेल यांनी टेलिफोन कंपनीतले आपले जवळजवळ सगळे शेअर बायकोच्या नावे केले आणि स्वतःकडे फक्त दहा ठेवले. जगाला बोलतं करणारं यंत्र ज्यांच्या नावावर झालं, त्या मेबल यांना ते यंत्र कधीच ऐकू आलं नाही. बेल यांच्या आईचंही तसंच.

टेलिफोन चालला तसे वाद सुरू झाले. एलिशा ग्रे नावाच्या संशोधकाने त्याच १४ फेब्रुवारीला त्याच कचेरीत आपला कागद दिला होता. पुढे खटल्यांची रांग लागली, सहाशेच्या आसपास. बेल यांची बाजू शेवटी सर्वोच्च न्यायालयातही टिकली, पण वकील, साक्षी आणि तारखा यांचा त्यांना वीट आला. कंपनी चालवण्यात त्यांना रस नव्हताच. नव्या कामाकडे वळायला ते उतावीळ झाले होते.

अंधारात अडतं, उजेडात सोडतं

नवं काम सापडलं ते एका विचित्र पदार्थात. त्याचं नाव सेलेनियम. जनावरांच्या खनिज मिश्रणाच्या काही पुड्यांवर हे नाव आजही छापलेलं असतं. १८७३ साली विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते समुद्राखालच्या तारेची तपासणी करताना सेलेनियमच्या कांड्या वापरत होते. वीज अडवायला त्या चांगल्या पडतील असा हिशेब होता. पण मोजमाप रोज वेगळंच यायचं. शोध घेतला तेव्हा कळलं की कांडी अंधारात ठेवली की वीज जास्त अडवते आणि उजेडात ठेवली की बरीच सोडते.

बेल यांच्या डोक्यात इथे ठिणगी पडली. टेलिफोनमध्ये तारेतली वीज आवाजाप्रमाणे कमीजास्त होते, म्हणून पलीकडे आवाज उमटतो. मग वीज कमीजास्त करण्याचं काम उजेडाकडून करून घेतलं तर? सेलेनियमवर पडणारा उजेड आवाजाच्या तालावर कमीजास्त करायचा, की तार नसतानाही बोलणं पलीकडे जाईल. १८७८ साली लंडनच्या एका व्याख्यानात त्यांनी ही शक्यता बोलून दाखवली. सेलेनियमवर सावली पडली तर ती कानाने ऐकता येईल, असा त्यांचा मुद्दा होता.

उन्हाने निरोप पाठवणं ही तशी नवी गोष्ट नव्हती. आपला नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याच साली हेन्री मान्स या तारखात्यातल्या इंग्रजाने कराचीत हेलिओग्राफ तयार केला. कराची तेव्हा आपल्यासारखीच मुंबई इलाख्यात होती. हेलिओग्राफ म्हणजे तिकाटण्यावर बसवलेला आरसा. कळ दाबली की आरसा जरा हलतो आणि दूरच्या माणसाला कवडशाची लुकलुक दिसते. लांब लुकलुक, आखूड लुकलुक, अशी तारेचीच भाषा. डोंगराळ मुलखात फौजेला याचा फार उपयोग झाला. साल्हेरसारख्या १,५६७ मीटर उंच माथ्यावरून चकाकवलेला कवडसा किती लांबून दिसेल, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण हेलिओग्राफवर बोलता येत नव्हतं, नुसतं अक्षर अक्षर जुळवायचं. बेल यांना माणसाचा आवाज, त्यातल्या हसण्याखोकण्यासकट, उन्हावर चढवायचा होता.

१८७९ साली बेल यांनी वॉशिंग्टनला बिऱ्हाड केलं आणि चार्ल्स समनर टेंटर या हुन्नरी कारागिराला सोबत घेतलं. टेंटर यांचं शिक्षण बेताचं, पण हातात कला होती. फोटोफोनचं श्रेय सांगताना त्यांचं नाव मागे पडतं ते बरोबर नाही. काही पेटंटांवर दोघांचीही नावं आहेत.

पहिली अडचण सेलेनियमचीच होती. जुन्या पद्धतीने केलेल्या कांड्या वीज इतकी अडवायच्या की टेलिफोनचा कर्णा गप्पच बसायचा. दोघांनी पितळेच्या चकत्या एकमेकींजवळ बसवल्या, मध्ये अभ्रकाची पातळ चकती घातली आणि कडेच्या बारीक फटीत सेलेनियम भरलं. विजेला आता फट ओलांडण्यापुरताच सेलेनियम पार करायचा होता. अडथळा खूप उतरला आणि उन्हात धरल्यावर तो जवळपास निम्मा व्हायला लागला.

दुसरी अडचण बोलण्याने उजेड हलवायचा कसा, ही. यासाठी पन्नासहून जास्त तऱ्हा करून पाहिल्या. आधी दोन जाळ्या समोरासमोर ठेवल्या, एक स्थिर आणि एक आवाजाने हलणारी, म्हणजे फटी जुळल्या की उजेड जास्त, हुकल्या की कमी. शेवटी जी तऱ्हा ठरली ती इतकी साधी की पाहणाऱ्याला हसू यावं. कागदासारखा पातळ आरसा घ्यायचा. त्याच्या पाठीमागे नळी लावून तिच्यात बोलायचं. आवाजाच्या दाबाने आरसा किंचित फुगतो, किंचित आत बसतो. फुगला की त्यावरून परतणारं ऊन पसरतं, आत बसला की गोळा होतं. दूरच्या माणसाला तो कवडसा आवाजाच्या लयीत तेज-मंद होताना मिळतो. तिथे एक मोठा पराती-सारखा आरसा, त्याच्या मध्यावर सेलेनियम, त्याला जोडलेली बॅटरी आणि कानाला लावायचा कर्णा. बस्स, एवढंच यंत्र. पाठवणाऱ्या बाजूला तर बॅटरीसुद्धा लागत नव्हती, सगळी ताकद उन्हाची.

मुलगी आणि यंत्र

फेब्रुवारी १८८० मध्ये दोन गोष्टी चार दिवसांच्या आत घडल्या. १५ तारखेला बेल दांपत्याला दुसरी मुलगी झाली आणि १९ तारखेला प्रयोगशाळेत उजेडावरून स्पष्ट आवाज ऐकू आला. बेल यांचा आनंद मावेना. आठवड्याभरात त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. उन्हाला हसताना, खोकताना, गाताना ऐकल्याचं त्यात कळवलं आणि सूर्यावरून ढग सरकला तोही कानाने ओळखल्याचं सांगितलं. लंडनच्या व्याख्यानात बोललेलं खरं झालं होतं.

तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण त्यांनी मुलीचंच नाव फोटोफोन ठेवायचं मनात आणलं! मेबल यांनी साफ नकार दिला. मुलीचं नाव मॅरियन ठेवलं गेलं आणि लेकीचं नशीब बलवत्तर ठरलं.

मग खरी परीक्षा, उघड्यावरची. टेंटर पाठवायचं यंत्र घेऊन वॉशिंग्टनच्या फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवर चढले. बेल २१३ मीटर लांब आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत कर्णा कानाला लावून बसले. शेतातली विहीर आणि मळ्यातलं घर यांच्यात असावं तेवढं अंतर. मध्ये तार नाही, दोरी नाही, फक्त ऊन. टेंटर यांनी गच्चीवरून बोलून सांगितलं की ऐकू येत असेल तर खिडकीशी येऊन टोपी हलवा. बेल खिडकीशी आले आणि टोपी हलवली. शाळेवर पुढे लावलेल्या फलकावर या प्रयोगाची तारीख ३ जून १८८० अशी दिली आहे. माणसाचं बोलणं बिनतारी पाठवण्याची ही सुरुवात होती. मार्कोनी तेव्हा सहा वर्षांचे होते.

ऑगस्टमध्ये बोस्टनला शास्त्रज्ञांच्या सभेत बेल यांनी हे सगळं मांडलं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, थट्टाही केली. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने तर विचारलं की आता सूर्यकिरणं तारांसारखी खांबांवर टांगणार का. डिसेंबरात पेटंट मिळालं. त्याच साली फ्रान्स सरकारने टेलिफोनसाठी बेल यांना ५० हजार फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक दिलं आणि त्या पैशातून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

प्रयोगांच्या ओघात आणखी एक गंमत सापडली. उजेड झपझप तोडून काळ्या रबराच्या पातळ चकतीवर टाकला तर चकती स्वतःच आवाज देते. ना बॅटरी, ना सेलेनियम. काजळीने तर आवाज आणखी मोठा व्हायचा. उजेड पडला की वस्तू कणभर तापते, गेला की निवते, आणि या तापण्या-निवण्यातून आवाज होतो. हवेतले वायू ओळखायला आणि शरीराच्या आतलं चित्र काढायला आज हीच गोष्ट वापरतात.

पण फोटोफोनचं गाडं पुढे सरकेना. ढग आला की आवाज बसला. पाऊस, धुकं, धुरळा, मध्ये आलेलं झाड, सगळंच आडवं. रात्री तर यंत्र झोपलेलं. विजेच्या प्रखर दिव्यावर चालवून पाहिलं, तरी अंतर फारसं वाढलं नाही, कारण मंद पडलेला आवाज मोठा करणारं कुठलंच साधन तेव्हा नव्हतं. टेलिफोन कंपनीने पेटंट पदरात घेतलं, पण तिच्या तारा गावागावांत पसरत होत्या आणि पैसाही देत होत्या. उन्हाच्या लहरीवर धंदा कोण सोपवणार? १८८२ साली मुंबईत टेलिफोनचं एक्स्चेंज सुरू झालं, तेही तारांवर. कंपनीचं यात चुकलं असं म्हणता येत नाही. १८८० च्या सामानात फोटोफोन तेवढाच धावू शकत होता.

गोळी, बाळ आणि मेंढ्या

पुढचं वर्ष बेल यांच्यासाठी वाईट गेलं. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती शरीरात अडकून राहिली. एक्स-रे तेव्हा नव्हता. बेल आणि टेंटर यांनी घाईघाईने धातू शोधणारं यंत्र तयार केलं. गोळीजवळ आलं की टेलिफोनच्या कर्ण्यात आवाज व्हायचा. दोनदा तपासणी झाली, पण गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला आणि गोळी ज्या बाजूला आहे असं डॉक्टर धरून चालले होते, तीच बाजू तपासू दिली. गोळी दुसरीकडेच होती. सप्टेंबरात अध्यक्ष गेले.

त्या धावपळीतच ऑगस्टमध्ये बेल यांना मुलगा झाला आणि काही तासांत गेला. श्वास पुरला नाही. नंतर बेल यांनी छातीभोवती बसणारा एक पत्र्याचा डबा तयार केला. आतली हवा ओढली की छाती फुगायची, सोडली की बसायची. दोन वर्षांनी झालेला दुसरा मुलगाही वाचला नाही. दोन्ही मुली मात्र मोठ्या झाल्या.

बहिऱ्यांच्या शिक्षणाचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आंधळी-बहिरी हेलन केलर सहा वर्षांची असताना तिचे वडील तिला बेल यांच्याकडे घेऊन आले होते आणि पुढची वाट बेल यांनीच दाखवली. पण बहिऱ्यांनी हातवाऱ्यांची भाषा सोडून ओठांनीच बोलावं, हा त्यांचा आग्रह अनेक बहिऱ्या लोकांना आजही खुपतो. तो राग उगाच नाही. आई आणि बायको यांच्यावरून त्यांनी सगळ्यांचं माप काढलं.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात बॅडेक गावाजवळ त्यांनी डोंगरावर घर बांधलं. तिथे पतंग उडवले, विमानं केली, पाण्यावर उचलून धावणारी बोट केली. आणि मेंढ्या पाळल्या. जास्त सडांच्या मेंढ्या निवडून पैदास केली तर जुळी कोकरं नीट पोसली जातील का, हे ते वर्षानुवर्षं नोंदी ठेवून पाहत राहिले. नातवंडांचं गोकुळ, मेंढ्यांचा कळप आणि रात्ररात्र जागून केलेली टिपणं असा त्यांचा संसार.

मरणाच्या थोडं आधी एका बातमीदाराशी बोलतानाही त्यांनी फोटोफोनलाच टेलिफोनच्या वर बसवलं. चाळीस वर्षं पडून राहिलेल्या यंत्राबद्दल म्हातारा माणूस असं बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याने काय समजावं? २ ऑगस्ट १९२२ ला मधुमेहाने बेल गेले. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले.

उजेडाचं काम त्यांच्या मागे सुटं सुटं पुढे गेलं. जर्मनीत अर्न्स्ट रूमर यांनी दिव्याच्या झोतावर बोलणं काही किलोमीटर नेलं होतं. १९५४ साली बेल यांचंच नाव असलेल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनची सोलर बॅटरी तयार झाली. शेतातल्या सोलर पंपाच्या काळ्यानिळ्या प्लेटा त्याच वंशातल्या. १९६० साली लेझर आला, म्हणजे न पसरणारा उजेड मिळाला. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून उजेड कितीतरी किलोमीटर जाईल, आणि १९७० साली तशी काच निघाली. ढग, पाऊस, झाड यांचा प्रश्नच मिटला. काचेतला हा उजेड मात्र डोळ्यांना न दिसणारा असतो. दिसणाऱ्या उजेडावर, खोलीतल्या एलईडी दिव्यावरून नेट देण्याचंही काम चालू आहे. त्याला लाय-फाय म्हणतात.

बेल यांना जे जमवायला पन्नास तऱ्हा लागल्या, ते आज शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन-तीनशे रुपयांच्या सामानात होतं. छोट्या अँप्लिफायरमधून येणारा मोबाइलच्या गाण्याचा सिग्नल बॅटरीवर पेटलेल्या एलईडीला जोडायचा. समोर खेळण्यातला किंवा बागेतल्या दिव्यातला सोलर सेल धरायचा आणि त्याच्या दोन तारा दुसऱ्या स्पीकरच्या ऑक्सच्या पिनेला लावायच्या. मध्ये भिंग ठेवलं तर अंतर वाढतं, मात्र भिंगातून किंवा आरशातून सूर्याकडे पाहायचं नाही. तोच सेल घरातल्या लाइटच्या पिवळ्या बल्बखाली नेला तर स्पीकर घरघरतो. बल्ब सेकंदाला शंभरदा मंद-तेज होत असतो, डोळ्याला ते कळत नाही, सेलला कळतं. एलईडी आणि सेल यांच्यामध्ये हात घातला की गाणं थांबतं, काढला की पुन्हा सुरू.